स्त्रीलिंगी रेकॉर्ड

चहा आधी संपवा बरं! नाही, गंमत नाही करत. कप खाली ठेवा, मग सांगतो. हा किस्सा मागं उमरेडच्या व्याह्यांना सांगितला, तर त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर अख्खा कप सांडला. विहीणबाई अजून त्या डागाचं नाव काढतात.

आयुष्यात मूर्खपणा कोण करत नाही? मी तर भलत्याच लग्नाच्या मांडवात जाऊन, आहेर देऊन, जेवून आलेला माणूस. पण नोकरीचा फैसला व्हायच्या दिवशी, तीन-तीन साहेबांसमोर, भर कचेरीत जो मूर्खपणा माझ्या हातून झाला, त्याला तोड नाही. आणि मजा अशी, की त्याच मूर्खपणावर स्वार होऊन मी जिंकलो!

मी पांडुरंग निनावे. आडनाव निनावे, पण कचेरीत नाव मोठं होतं. आमचं घर कोष्ट्याचं, गोळीबार चौकाजवळ. आजा मागावर, बाप मागावर, थोरला भाऊ आजही मागावर. घरात पगाराची नोकरी करणारा मी पहिला. सचिवालयात लागलो आणि चढत चढत हेडक्लार्क झालो.

कशाच्या जोरावर? मराठीच्या! नागपूर राजधानी होती तेव्हा आमच्या सरकारनं कारभार हिंदी-मराठीतून सुरू केला होता. आता जन्मभर इंग्रजीत खरडलेले कारकून, त्यांना मराठी अर्ज लिहिताना घाम फुटायचा. मग रांग कुठं? माझ्या टेबलाशी! "निनावे, 'मसुदा' ऱ्हस्व का दीर्घ?" "निनावे, 'मंजुरी' मिळाला का मिळाली?" मी लाल पेन्सिल घेऊन बसलेलो. साहेबांचे मसुदेसुद्धा खुणा करून परत पाठवायचो. ताठा होता मला, खोटं कशाला बोलू? घरी ताटावर बसलो की "मले भाजी वाढ" म्हणणारा मी, कचेरीच्या पायऱ्या चढलो की छापील पुस्तकासारखा बोलायचो.

आणि मग आलं छप्पन साल. नागपूरची राजधानी गेली!

राज्यांची फेररचना झाली; अर्धी कचेरी भोपाळला, उरलेले आम्ही मुंबईच्या पदरात. मुंबईचा कारभार इंग्रजीत. एका सकाळी येऊन बघतो, तर माझं टेबल व्हरांड्यात, पाण्याच्या माठाशेजारी! टेबलावर एक फाइल नाही. जो तो पाणी प्यायला यायचा, पेला उपडा घालायचा आणि विचारायचा, "काय निनावे, निवांत?"

निवांत! अहो, रिकाम्या टेबलाशी साडेदहा ते साडेपाच बसून बघा एकदा. मान मोडते, पण काम करून नव्हे, खाली घालून घालून. मी रोज दौतीत शाई भरायचो आणि रोज ती तशीच वाळायची.

वय त्रेपन्न. पंचावन्नला पेन्शन. मधली दोन वर्षं पार पाडायची, एवढाच प्रश्न. पण कुणकुण लागली होती, की 'फाजील' माणसांची यादी होणार. यादीत नाव आलं, की एक तर गाठोडं बांधून मुंबई, नाहीतर घरी. मुंबईत माझं कोण होतं? आणि घरी बसावं, तर भाऊ म्हणालाच होता, "ये ना गा पांडुरंगा. कांड्या भराले माणूस पायजेच हाये." कांड्यांवर सूत भरायचं काम आमच्याकडं म्हाताऱ्या बायका करतात! मी हसलो, पण जेवण गेलं नाही त्या दिवशी.

याच दिवसांत माझा वीस वर्षांपासूनचा शेजारी, म्हणजे टेबलाचा शेजारी, पाठक भोपाळला निघाला. त्याच्याकडं चावीचा ग्रामोफोन होता आणि बारा रेकॉर्डी. "सामानात फुटतील," म्हणाला, "तू सांभाळ." स्टेशनवर पाठक ढसाढसा रडला. मी नाही रडलो. मी घरी येऊन चावी दिली, सुई टेकवली, आणि मग रडलो.

पण काय सांगू, त्या संध्याकाळी पहिल्यांदा पोटभर जेवलोसुद्धा!

मग नादच लागला. भोपाळला जाणारं बिऱ्हाड दिसलं, की मी दारात हजर. "रेकॉर्डी नेऊन राहिले का? नाही ना? मग मला द्या." माठाशेजारी बसून मी रविवारची वाट पाहायचो आणि रविवारी जुन्या बाजारातली भंगारवाल्यांची पोती उपसायचो. धुळीनं माखलेली तबकडी मिळाली, की घरी आणून रिठ्याच्या पाण्यानं धुवायची आणि भावाच्या मागावरच्या मऊ सुती तुकड्यानं पुसायची. पहिली धुतली तेव्हा अक्कल नव्हती. वाळवायला उन्हात ठेवली. नागपूरचं ऊन! तासाभरात तिची वाटी झाली. आमची यमुना तीत लसूण ठेवते आता.

यमुना म्हणजे आमच्या सौभाग्यवती. तिनं उरलेल्या कापडाच्या थैल्या शिवून दिल्या, एका रेकॉर्डीला एक. ठेवायला काटोलकडून येतात त्या संत्र्याच्या पेट्या आणल्या. तळाशी भाताचं तणस, त्यावर रेकॉर्डी उभ्या. जणू मापानंच केलेल्या!

आणि हेडक्लार्कचा हात स्वस्थ बसतो का? मी रजिस्टर घातलं. अनुक्रमांक, विषय, मूळ मालक, पहिली बाजू, दुसरी बाजू, शेरा. मागं अक्षरवार सूची. कचेरीत वाळणारी शाई घरी वापरली जाऊ लागली. संध्याकाळी दोन गाणी ऐकायची आणि एक नोंद करायची. खरं सांगतो, त्या तबकड्यांनी मला सावरलं. नाहीतर मी माठासारखाच पाझरत पाझरत रिकामा झालो असतो.

चार-पाच महिन्यांत शंभरावर रेकॉर्डी झाल्या. कचेरीभर बोभाटा झाला: निनाव्याला गाण्याचं खूळ लागलं.

तेवढ्यात मुंबईहून नवे साहेब आले. कृष्णस्वामी साहेब. मद्रासकडचे, पण हौस अशी, की नागपूरच्या लोकांशी मराठीतच व्यवहार करायचा! आल्याच्या तिसऱ्या दिवशी आमचा चपराशी सोनबाजी साहेबांची चिठ्ठी घेऊन माझ्या माठापाशी आला. साहेबांच्या हातची, मराठीत. मला अजून पाठ आहे:

"श्री. निनावे यांस. आपली जुनी रेकॉर्ड फार चांगली आहे असे माझ्या कानावर आले. उद्या अकरा वाजता ती घेऊन माझ्या खोलीत यावे. माझे दोन सहकारीही उपस्थित राहतील. मला मोठी उत्सुकता आहे."

मी चिठ्ठी चारदा वाचली. चारही वेळा कानात तंबोरा वाजला! साहेब गाण्याचे शौकीन निघाले! यादी करणारा माणूस आणि आपला शौक एक! देव आहे म्हणायचा की नाही?

शेजारच्या खोलीतला देशकर पाणी प्यायला आला होता. त्याला चिठ्ठी दाखवली. त्यानं वाचली आणि पेला हातातच राहिला.

"अरे निनावे, ही नोकरीची रेकॉर्ड मागून राहिले ते. जुने कागद खोक्यांत बंद झाले म्हणून सगळ्यांना आपापल्या प्रती आणायला सांगून राहिले ना. मला परवाच बोलावलं होतं."

मी हसलो. असं हसलो, की आता आठवलं तरी स्वतःच्या मुस्कटात द्यावीशी वाटते.

"देशकर," मी म्हणालो, "व्याकरण शिका. नोकरीचं ते रेकॉर्ड. नपुंसकलिंगी! गाण्याची ती रेकॉर्ड. स्त्रीलिंगी! साहेबांनी काय लिहिलंय? 'आपली जुनी रेकॉर्ड. ती घेऊन यावे.'"

"बावा, मद्रासी माणूस आहे तो. चुकलं असेल लिंग."

"चुकलं? 'मोठी उत्सुकता' बरोबर. 'माझे सहकारी' बरोबर. 'माझी खोली' बरोबर. सगळी लिंगं बरोबर आणि हेच तेवढं चुकेल? आणि 'कानावर आले' का लिहिलं असेल? नोकरी काय कानानं ऐकतात?"

देशकरनं पेला उपडा घातला. व्याकरणात मला हरवणारा नागपुरात जन्माला यायचा होता! जाताना एवढंच म्हणाला, "तरी कागदाची प्रत खिशात असू दे." मी नाही ठेवली. व्याकरणावर विश्वास होता ना!

घरी आल्याबरोबर निवड सुरू. शंभरातून अठ्ठेचाळीस काढल्या. सकाळी उठून पेट्या बांधल्या, कडेला रजिस्टर खोचलं. वरती आडवी भजनाची ठेवली, मंगल सुरुवात व्हावी म्हणून. यमुना दाराला टेकून बघत होती.

"अजी, सायबाले गाणं ऐकाचं असन त घरी येईन ना तो. हापिसात काहून?"

"मोठ्या लोकायची मर्जी असते वं."

"अन् मंग ते दोन सोबती कायले?"

"मैफिलीले रसिक लागतेत!"

"मले त काही गडबड दिसते," ती म्हणाली. "तुमच्या कागदायची पिशवी देऊ का संगं?"

बघा! दोन माणसांनी सांगितलं. दोघांनाही मी व्याकरण ऐकवलं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लिंग-बिंग मले नाई समजत. पण सायेब लोक गाणं ऐकाले अकरा वाजता नाई बोलावत." माझा काळा कोट झटकून तिनं खांद्यावर घातला, आणि मी निघालो.

रिक्षात मी, मांडीवर ग्रामोफोन, पायाशी संत्र्याच्या दोन पेट्या. रस्त्यानं जो भेटेल तो विचारतो, "कोठी नेऊन राहिले जी संत्रे?" मी म्हणतो, "साहेबांना!" माझं लक्ष मैफिलीत. मला काय ठाऊक, की मी कचेरीपर्यंत काय पेरत चाललोय!

फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. "सायबाले पेट्या द्याची मनाई हाये जी."

"अरे, संत्री नाहीत. रेकॉर्ड आहेत."

"रेकॉर्ड? पेटीत?" त्यानं झाकण काढायला लावलं. सोनबाजी मदतीला धावत आला. दोघांनी एकेक थैली बाहेर काढली, एकेक आत ठेवली. एकही संत्रं सापडलं नाही तेव्हा कुठं सोडलं. या भानगडीत वरची पेटी पार उलटीपालटी झाली, हे मी पाहिलंच नाही. मी टोपी नीट करत होतो.

तोवर वर बातमी पोचली होती: निनावे साहेबांना संत्र्याच्या पेट्या देतोय! जिन्यावर देशकर भेटला. कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे लाच द्यायची तर निदान झाकून तरी नेतात!"

अकराच्या ठोक्याला आत गेलो. मधे कृष्णस्वामी साहेब, किडकिडीत, कपाळावर गंध. एका बाजूला झुपकेदार मिशांचे एक साहेब. दुसऱ्या बाजूला एक गप्प साहेब, डोळे अर्धे मिटलेले. मी मनात म्हटलं, वा! खरा रसिक असाच डोळे मिटून बसतो!

कृष्णस्वामी साहेब एकेक शब्द जपून ठेवत मराठी बोलायचे. "बसा, निनावे. तुमची रेकॉर्ड आणली का?"

"आणली, साहेब."

"संपूर्ण?"

"संपूर्ण कशी आणणार साहेब? निवडक आणल्यात."

मिशा हलल्या. "निवडक? असं नाही चालत! चांगली-वाईट, सगळी बघावी लागते आम्हाला."

"वाईटसुद्धा?"

"वाईट तर आधी!"

मी गहिवरलो. काय हे रसिक! "आता आपल्यापासून काय लपवायचं साहेब? तीन-चार ठिकाणी ओरखडे आहेत. एका ठिकाणी तर सरळ तडा गेलाय. पण तो माझ्या हातून नाही गेला, माझ्याकडे येण्याआधीचाच आहे."

कृष्णस्वामी साहेबांनी मिशीवाल्यांकडे पाहिलं. "प्रामाणिक माणूस आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि दुसरी बाजू? प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते ना?"

"असते तर! काहींची तर दुसरी बाजूच जास्त चांगली आहे, साहेब. पण लोक पहिलीच ऐकतात आणि सोडून देतात."

कृष्णस्वामी साहेबांनी मान डोलावली. म्हणाले, "फार खरे बोललात." सांगतो तुम्हाला, तिथंच उठून घरी गेलो असतो, तरी मी पास होतो! पण नशिबात गाजायचं होतं. मिशीवाल्यांची नजर दाराकडं गेली. दारात सोनबाजी, डोक्यावर पेटी, काखेत पेटी, पायाशी ग्रामोफोन.

"हे काय? संत्री?" मिशीवाले गरजले. "म्हणजे खाली बोलतात ते खरं? आम्हाला लाच?"

"नाही साहेब! रेकॉर्ड! आपण म्हणालात ना, घेऊन यावे?"

"दोन पेट्या भरून?"

"घरी आणखी आहे साहेब."

कृष्णस्वामी साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दाखवा," म्हणाले.

मी सोनबाजीला खूण केली. टेबलावरच्या फाइली बाजूला सारून यंत्र ठेवलं. तिघेही माझ्याकडं बघतायत, मी चावी फिरवतोय. दारात निम्मी कचेरी गोळा झालेली. मी हळूच सांगितलं, "सोनबाजी, वरची लाव," आणि मंडळींकडे वळून दोन्ही हात जोडले. "सुरुवात आपण देवाच्या नावानं करू. भजन ऐकावं."

सुई टेकली. जरा खरखर झाली. आणि मग यंत्रातून एक माणूस हळूच म्हणाला, "फिस्स."

माझे जोडलेले हात तसेच राहिले.

तुम्हाला ठाऊक आहे का, पूर्वी नुसत्या हसण्याच्या रेकॉर्डी निघायच्या? गाणं नाही, बोलणं नाही. एक माणूस आधी फिस्सकन हसतो, मग खुदखुदतो, मग पोट धरून गडगडतो, ते थेट तबकडी संपेपर्यंत! घाईत चुकून पेटीत गेलेली ती रेकॉर्ड फाटकावरच्या गोंधळात वरती आली होती.

"हॅ हॅ हॅ हॅ!" यंत्र तीन साहेबांच्या तोंडावर हसायला लागलं. मी बंद करायला धावलो. पण पाठकाच्या त्या यंत्राला थांबवायचा खटका कधीचाच नव्हता. हात घालावा तर सुई रेकॉर्ड फाडून जाईल. अहो, नोकरी चालली होती आणि मला रेकॉर्डीची काळजी! मी हात चोळत उभा. सोनबाजी आधी फुटला. मग दारातली गर्दी. मग ते गप्प साहेब, खुर्चीत गदागदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी! मिशीवाल्यांनी रुमाल तोंडात कोंबला.

कृष्णस्वामी साहेब तेवढे हसले नाहीत. रेकॉर्ड संपेपर्यंत थांबले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "निनावे, ही काय आहे?"

"रेकॉर्ड, साहेब."

"तुमच्या नोकरीची रेकॉर्ड कुठे आहे?"

झालं! त्या क्षणी सगळं डोक्यात लख्ख झालं. पायाखालची जमीन सरकली. सीतामाईला धरणीनं पोटात घेतलं. हेडक्लार्कला कोण घेतो? डोळ्यांसमोर भाऊ दिसला, कांड्यांची टोपली पुढं सरकवत.

"घरी आहे साहेब," मी कसाबसा म्हणालो. "मला वाटलं... आपण गाण्याची..."

मिशीवाले उठले. पेटीत कडेला माझं रजिस्टर होतं. पुरावा सापडल्यासारखं त्यांनी ते उचललं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'अनुक्रमांक सतरा. भैरवी. शेरा: ही लागली की घरात रडतात. लावण्यापूर्वी स्वयंपाक झाल्याची खात्री करावी.'"

दारात कुणीतरी खोकलं.

"'अनुक्रमांक तेवीस. दुसऱ्या बाजूस ओरखडा. गायक एकाच शब्दावर अडतो. टिचकी मारताच पुढे जातो.' आणि हे काय? 'अनुक्रमांक अठ्ठेचाळीस. हसण्याची. शेरा: वरिष्ठांसमोर लावू नये.'"

गप्प साहेब पुन्हा हलायला लागले. पण मिशीवाले मात्र हसले नाहीत. ते पान उलटत होते. पुढचं, मागचं, सूचीचं. मग एकदम विचारलं, "या पाठक नावाच्या माणसाकडून आलेल्या किती?"

"बारा. पान चार, साहेब. खूण निळी."

"तडा गेलेल्या?"

"सूचीत 'त' पाहावं. तीन आहेत. दोन त्या दुसऱ्या पेटीत, डावीकडून सहावी आणि अकरावी."

त्यांनी दुसऱ्या पेटीत हात घातला. सहावी काढली. तडा! अकरावी काढली. तडा!

मिशीवाल्यांनी रजिस्टर कृष्णस्वामी साहेबांपुढं ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, खालच्या दोन खोल्यांत छपरापर्यंत फाइली पडल्यात. भोपाळची कुठली, मुंबईची कुठली, देवाला ठाऊक. भोपाळहून तारांवर तारा येतात आणि आपल्याला एक कागद सापडत नाही. आणि हा माणूस व्हरांड्यात माठाशेजारी बसवलाय?"

कृष्णस्वामी साहेबांनी रजिस्टर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. सतराव्या क्रमांकावर मात्र गालाची एक शीर हलली. मग म्हणाले, "निनावे, दुपारी कागद आणा. पण तुमची रेकॉर्ड आम्ही पाहिली."

आठ दिवसांत हुकूम निघाला. पांडुरंग निनावे, पेन्शनीपर्यंत नागपुरातच, जुन्या कागदांच्या विभागाचे प्रमुख! स्वतःची खोली, स्वतःची किल्ली, आणि हाताखाली चार कारकून. माझं टेबल व्हरांड्यातून उचललं तेव्हा पाणी प्यायला आलेले लोक बाजूला उभे राहिले. मी एकालाही सोडलं नाही. प्रत्येकाला विचारलं, "काय, निवांत?"

घरी येऊन यमुनेला सांगितलं. "म्हणलं नव्हतं मी तुले? स्त्रीलिंगच होतं!" तिनं गोड शिरा केला. भावाला निरोप धाडला, कांड्यांसाठी दुसरं माणूस बघ. तो स्वतः आला, पागोट्याचं कापड घेऊन. मागावरचं, लाल किनारीचं. माझ्या डोक्याला गुंडाळून म्हणाला, "आता तू सायेब झाला गा!" आणि आम्ही दोघे म्हातारे घळाघळा रडलो.

पावसाळ्याच्या आत त्या दोन खोल्या आरशासारख्या झाल्या. फाइली कशात ठेवल्या विचारा! संत्र्याच्या पेट्यांत! एकदा भोपाळहून एका कागदाची मागणी आली, खाली सही पाठकाची. कागद त्याच दिवशी टपालात पडला. उलट टपाली त्याचं कार्ड आलं: "बाकी कुठूनच उत्तर येत नाही. तू आहेस म्हणजे अजून नागपूर आहे." ते कार्ड मी कोटाच्या खिशात घालून हिंडायचो.

थांबा, उठू नका! फजिती अजून संपली नाही.

महिन्याभरानं कृष्णस्वामी साहेबांनी बोलावलं. खोलीत दोघेच. साहेब खुशीत होते. म्हणाले, "निनावे, माझ्या मराठीत काही चूक असेल तर मोकळेपणाने सांगा."

आता इतका मोठा विजय मिळालेला माणूस मोकळेपणानं सांगणार नाही तर काय करणार? मी टोपी सरळ केली. छापील आवाज काढला. "साहेब, आपलं मराठी उत्तम आहे. फक्त एका ठिकाणी आपण घसरलात. नोकरीचं रेकॉर्ड नपुंसकलिंगी असतं. आपण स्त्रीलिंगी लिहिलंत, त्यामुळे तो सगळा प्रकार झाला. पण हरकत नाही! परप्रांतीय माणसाकडून एवढी चूक व्हायचीच."

साहेब विचारात पडले. "पण मी पाठ केले आहे," म्हणाले. खण उघडून त्यांनी एक पातळ पुस्तिका काढली. कोपरे दुमडलेले, प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या खुणा. "मुंबईहून निघालो तेव्हा मला एकानं दिली. रोज सकाळी एक पान पाठ करतो."

'र'चं पान उघडून त्यांनी माझ्यापुढं धरलं. स्वच्छ छापलं होतं: रेकॉर्ड (कचेरीचे), स्त्री.

मी चिडलो! "कुणी गाढवानं लिहिलंय हे?" म्हणत पुस्तिका उलटली. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत होतं: 'कार्यालयीन शब्द आणि त्यांची लिंगे. संकलक: पां. वि. निनावे.'

चार वर्षांपूर्वी वरून हुकूम आला म्हणून आठवडाभरात घाईघाईनं खरडून दिली होती. पार विसरून गेलो होतो! पण इतक्या सहज हार मानेल तो हेडक्लार्क कसला?

"साहेब," मी खाकरून म्हणालो, "ही छापखान्याची चूक आहे. मुद्रितं तपासणाऱ्याला अक्कल नव्हती."

साहेबांनी शेवटचं पान उघडलं. तळाशी बारीक अक्षरात एकच ओळ होती: 'मुद्रिते तपासणारे: पां. वि. निनावे.'